बेटावरच्या दोन जाहीर सूचना: एक घराची, एक वास्तव्याची

प्रश्न: आम्ही पतिपत्नी मूळचे साताऱ्याचे असून गेली काही वर्षे दक्षिण अटलांटिक महासागरातल्या, ब्रिटिश अखत्यारीतल्या फॉकलंड बेटांवर, राजधानी स्टॅन्ली येथे नोकरी करत आहोत. आम्ही कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे आणि राहत्या घराला मागच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडे, दोन खोल्या वाढवण्याची परवानगीही मागितली आहे. एकाच आठवड्यात आमची नावे दोन जाहीर सूचनांमध्ये छापून आली. त्यांपैकी एकीत, हा परवाना देऊ नये असे कारण कोणास माहीत असल्यास त्याने कळवावे, असे शब्द आहेत. मागच्या घरातल्या शेजाऱ्यांनी बांधकामाला हरकत घेणार असल्याचे आम्हाला सांगितले आहे. हे सारे ऐकल्यापासून साताऱ्यात आई काळजीत आहे. हा आमच्यावर घेतलेला संशय आहे का? शेजाऱ्यांच्या हरकतीमुळे वास्तव्याचा परवाना अडकेल का? आम्ही नेमके काय करावे?

उत्तर: सर्वप्रथम आईंना सांगा की हा संशय नाही. कायम वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाचे नाव तिथे राजपत्रात आणि स्थानिक साप्ताहिकात याच शब्दांत छापले जाते. डॉक्टर असो, सुतार असो वा शाळेतला शिक्षक, मसुदा एकच असतो आणि त्यात फक्त नाव आणि तारीख बदलते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही नाही असेच आहे. खोल्यांविषयीची हरकत खोल्यांच्या फायलीत जाते आणि वास्तव्याच्या फायलीत तिला जागा नसते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल. मी सुरुवातीची अनेक वर्षे कोकणात नगररचनेचे काम केले आणि नंतर निरनिराळ्या लहान बेटांच्या प्रशासनांसाठी असे अर्ज तपासले. त्या काळात वारंवार दिसले की लोक या सूचनेकडे गावाचा कौल मागितल्यासारखे पाहतात. अर्जदार पाठिंब्याच्या सह्या गोळा करू लागतो, हरकतदार विरोधाच्या सह्या गोळा करू लागतो, आणि सूचनेत विचारलेल्या गोष्टीचे उत्तर दोघांच्याही कागदात नसते. जाहीर सूचना संमती मागत नाही, माहिती मागते. पुढचे सगळे या एका फरकावर उभे आहे.

वास्तव्याच्या सूचनेचे शब्द पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा. परवाना देऊ नये असे काही कारण ज्याला माहीत असेल त्याने वस्तुस्थितीचे लेखी आणि स्वाक्षरी केलेले निवेदन, हरकतीच्या आधारासह, अमुक तारखेपर्यंत स्थलांतर अधिकाऱ्याकडे पाठवावे, असा तिचा आशय आहे. यातला प्रत्येक शब्द जाणीवपूर्वक घातलेला आहे. ‘लेखी’ म्हटल्यामुळे दुकानातल्या रांगेत किंवा बंदरावर कोणी काही बोलले तर ते प्रशासनाच्या दृष्टीने बोललेच गेलेले नसते. ‘स्वाक्षरी’ मागितल्यामुळे निनावी पत्राला किंमत उरत नाही. ‘वस्तुस्थिती’ म्हटल्यामुळे, हे लोक आमच्यात मिसळत नाहीत, अशा मताला आधार राहत नाही. या व्यक्तीने अर्जात दाखवलेल्या काळात ती बेटावर नव्हतीच, असे विधान मात्र तपासता येते आणि म्हणून ते विचारात घेतले जाते. तारखेमुळे या साऱ्याला शेवट मिळतो. अर्जदाराला ही सूचना पहिल्यांदा वाचताना उघडे पडल्यासारखे वाटते, हे मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे आणि ती भावना खोटी नाही. पण याच शब्दांनी त्याच्याभोवती कुंपणही घातलेले असते.

आपल्याकडच्या माणसाला हे अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवसांत कोणीही हरकत घेऊ शकतो. परंतु ती वय, आधीचा विवाह, निषिद्ध नाते अशा कायद्याने ठरवलेल्या अटींवरच घेता येते, आणि हरकत अवाजवी ठरली तर हरकतदारावर खर्च बसवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. कोणाला हे लग्न आवडलेले नाही, ही हरकत होऊ शकत नाही. वास्तव्याची सूचना याच जातीची आहे. जमिनीच्या बाबतीत तर आपल्या गावांना याहून जुनी सवय आहे. फेरफाराची नोंद चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित करण्याचा मार्ग मोकळा होतो, ही रीत १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली चालते. जमीन किंवा सदनिका विकत घेण्यापूर्वी वकील वर्तमानपत्रात देतात ती जाहीर नोटीसही आपण रोज पाहतो.

बांधकामाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातून गेलेला माणूस गोंधळतो, आणि त्याचे कारण आपल्या पद्धतीत आहे. आपल्याकडे हरकती आणि सूचना मागवल्या जातात त्या सर्वसाधारणपणे आराखड्याच्या टप्प्यावर. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते, तीस दिवसांत लोक लिहून देतात, समितीपुढे सुनावणी होते. एकदा योजना मंजूर झाली की त्यातल्या एकेका भूखंडावरच्या बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्याला विचारण्याची प्रथा नाही. अर्ज नियमात बसतो की नाही एवढेच अभियंता तपासतो. ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापासून वेगळी वाट रुजली. तिथे जमीन मालकाची असली तरी तिच्यावर विकास करण्याचा हक्क सार्वजनिक परवानगीवर अवलंबून ठेवला गेला, आणि परवानगी देणाऱ्याला प्रत्येक प्रकरणात तारतम्य वापरण्याचा अधिकार मिळाला. तारतम्य वापरायचे तर आजूबाजूच्या लोकांचे म्हणणे कानावर यायला हवे, म्हणून एकेका अर्जाची सूचना निघू लागली. ब्रिटिश परंपरेतून कायदा घेतलेल्या बहुतेक बेटांवर हीच रीत चालते. तुमच्या दोन खोल्यांची सूचना निघाली ती या रीतीमुळे.

फॉकलंडचे क्षेत्रफळ बारा हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ही बेटे लहान नाहीत. लहान आहे तो समाज. साडेतीन हजारांच्या आसपास माणसे, आणि त्यांतली बहुसंख्य एकट्या स्टॅन्लीत. अशा ठिकाणी जाहीर सूचनेचे काम मुंबई-पुण्यातल्या सूचनेपेक्षा मुळातच निराळे असते. मोठ्या शहरात सूचना ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांना खबर देते. बेटावर खबर आधीच पोहोचलेली असते, कारण लाकडी घराचे सुटे भाग कोणाच्या नावाने जहाजातून उतरले हे धक्क्यावर सर्वांनी पाहिलेले असते आणि कोणाची नोकरी कायम झाली हे त्याच्या आधी त्याच्या सहकाऱ्यांना कळलेले असते. तिथे सूचनेने करायचे काम म्हणजे चाललेल्या बोलण्याला कागदावर आणणे: ज्याला म्हणायचे आहे त्याने नावानिशी, मुदतीत, कारणासह म्हणावे आणि ज्याच्याविषयी म्हटले आहे त्याला ते वाचून उत्तर देता यावे. ज्या बेटांवर सूचना ढिलाईने काढल्या जातात तिथे निर्णय कुजबुजीवर होतात किंवा झाले असे लोक मानतात, आणि दोन्हींचा परिणाम सारखाच वाईट होतो. म्हणून तुमचे नाव छापले गेले याचे मला वाईट वाटत नाही. ते न छापताच परवाना मिळाला असता तर पुढची वीस वर्षे तो कसा मिळाला याविषयी तुमच्या मागे बोलले गेले असते.

आता तुमच्या शेजाऱ्यांकडे वळू. त्यांची हरकत आकसाची आहे असे तुम्हाला वाटत असल्याचे तुमच्या पत्रातून जाणवते. तसे मानण्यापूर्वी एक हिशेब करून पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तुम्ही दक्षिण गोलार्धात आहात. सूर्य तिथे उत्तरेकडून जातो. स्टॅन्ली सुमारे ५१.७ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ जूनच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. साताऱ्यात डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवशीही तो दुपारी ४९ अंशांच्या आसपास असतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीची सावली साताऱ्यात त्या वेळी अडीच-पावणेतीन मीटर पडेल. स्टॅन्लीत सपाट जमिनीवर तीच सावली अकरा मीटरांच्या पुढे जाईल. स्टॅन्लीचा उतार उत्तरेला बंदराकडे असल्यामुळे ती प्रत्यक्षात काहीशी आखडेल हे खरे, पण तरीही ती मागच्या घराच्या खिडक्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता आहे, आणि हिवाळ्यात त्या घराला जे दोन-चार तास ऊन मिळते ते नेमके तुमच्या डोक्यावरून जाते. तुमच्या मनात ‘मागची बाजू’ म्हणजे कोणाला न दिसणारी, कोणाच्या आड न येणारी बाजू आहे. त्यांच्यासाठी ती पुढची बाजू आहे. आपल्याकडच्या घरात उन्हापासून आडोसा शोधायचा असतो. तिथे ऊन हीच मिळकत आहे.

हरकत कशाला म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत याची विभागणी या परंपरेत बरीच स्पष्ट आहे. ऊन आणि उजेड अडणे, खिडकीतून थेट शेजाऱ्याच्या खोलीत दृष्टी जाणे, पाण्याचा निचरा, रस्त्यावर गाडी वळवण्याची अडचण, जुन्या इमारतीच्या परिसराला येणारी बाधा आणि बांधकामाचे आकारमान हे विचारात घेण्याजोगे मुद्दे आहेत. माझ्या घराची किंमत कमी होईल, मला बंदर दिसणार नाही, अर्जदार बाहेरचा आहे, अर्जदाराच्या धंद्यामुळे माझा धंदा बुडेल, हे मुद्दे विचारात घेतले जात नाहीत. यांतला बंदराचा मुद्दा लोकांना सर्वांत अन्यायाचा वाटतो. उतारावरच्या गावात प्रत्येक घराला पाण्याचे दर्शन हवे असते आणि ते हरवले तर माणूस खरोखर दुखावतो. पण समोरच्याच्या जमिनीवरून दिसणाऱ्या दृश्यावर कोणाचा हक्क मानला जात नाही. उन्हाचे तसे नाही. म्हणून शेजारी कोणता मुद्दा मांडतात ते ऐकून घ्या. त्यांनी पत्रात फक्त बंदराविषयी लिहिले तरी छाननी करणारा अधिकारी उन्हाचा विचार स्वतःहून करील, आणि तुमच्याकडे त्याचे उत्तर तयार असले पाहिजे. हे उत्तर म्हणजे २१ जूनची सावली दाखवणारा एक उभा छेद, म्हणजे घर वरून खाली कापून बाजूने पाहिल्यासारखे चित्र. छपराची उंची मागच्या बाजूला उतरती केली किंवा एक खोली पूर्वेला सरकवली तर सावली कितीने घटते, तेही त्याच कागदावर दाखवा. हे काम तुमचा आराखडाकार दोन तासांत करील. असा कागद आणि त्याला धरून केलेला थोडासा बदल यांनी जेवढ्या हरकती मागे घेतल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत, तेवढ्या कोणत्याही युक्तिवादाने घेतल्या गेलेल्या पाहिल्या नाहीत.

हरकतीचे पत्र म्हणजे शत्रूचे पत्र अशी समजूत करून घेऊ नये, हे मी एका अनुभवावरून सांगतो. एका बेटावर उतारावरच्या एका साध्या घराच्या अर्जावर एका वृद्ध गृहस्थांचे चार ओळींचे पत्र आले. भूखंडाच्या कोपऱ्यातून त्यांच्या लहानपणी दगडी पाट जात असे आणि तो मातीखाली अजून वाहतो, एवढेच त्यांनी लिहिले होते. कार्यालयाच्या कोणत्याही नकाशावर पाट नव्हता. खणून पाहिले तेव्हा पाट निघाला आणि त्यात पाणीही होते. घराचा पाया चार मीटर सरकवला गेला आणि घर उभे राहिले. स्टॅन्लीत तर पाण्याच्या निचऱ्याचा मुद्दा नुसता तांत्रिक नाही. तिथली जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या थराची आहे. १८७८ मध्ये आणि पुन्हा १८८६ मध्ये गावाच्या वरच्या अंगाचा हा थर पाण्याने फुगून घसरला आणि चिखलाचा लोंढा रस्त्यांवरून खाली बंदराकडे आला. दुसऱ्या वेळी तिथले चर्च उद्ध्वस्त झाले. आजचे ख्राइस्ट चर्च कॅथीड्रल त्यानंतर उभे राहिले. ज्या गावाच्या आठवणीत हे आहे त्या गावातला शेजारी तुमच्या छपराचे पाणी कुठे जाणार असे विचारतो तेव्हा तो योग्य प्रश्न विचारत असतो.

यानंतर सूचनेचा मजकूर स्वतः तपासा. हे काम अर्जदार जवळजवळ कधीच करत नाहीत, कारण सूचना सरकारने काढली म्हणजे ती बरोबरच असणार असे ते धरून चालतात. भूखंडाचा क्रमांक, रस्त्याचे नाव, कामाचे वर्णन, नकाशे कुठे आणि कोणत्या वेळी पाहता येतील, म्हणणे कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, एवढ्या गोष्टी त्यात अचूक हव्यात. एका बेटावरच्या प्रकरणात मी अर्जदाराच्या बाजूने काम करत होतो आणि सूचनेत भूखंडाचा क्रमांक एका आकड्याने चुकला होता. आमच्यापैकी कोणीही तो वाचला नाही, मीही नाही. निर्णयाच्या बैठकीत एका रहिवाशाने ती चूक दाखवली, सूचना नव्याने काढावी लागली आणि तेवढ्या काळात घराचे सुटे भाग घेऊन येणारे जहाज येऊन गेले. पाया नसलेल्या जागेवर लाकूड अख्खा हिवाळा ताडपत्रीखाली पडून राहिले. त्या कुटुंबाचे जे नुकसान झाले त्यातला माझा वाटा मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून सूचना छापून आली की त्याच दिवशी अर्जाशेजारी ठेवून ती शब्दाशब्दाने वाचायची, कात्रण तारखेसह फायलीत लावायचे आणि चूक दिसल्यास त्याच दिवशी लेखी कळवायचे, असा नियम मी पाळत आलो आहे. मुदत संपण्याआधी सुधारलेली चूक काही दिवस खाते. मुदतीनंतर सापडलेली चूक सगळी प्रक्रिया पुन्हा करायला लावू शकते.

कामाचे वर्णन तर विशेष जपून पाहा. ‘घराला जोडबांधकाम’ असे दोन शब्द छापले गेले आणि प्रत्यक्षात त्या खोल्यांत तुम्ही पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवणार असाल किंवा तुमच्या पत्नी तिथे लहान मुलांचा सांभाळ करण्याचे केंद्र चालवणार असतील, तर ते वर्णन अपुरे आहे. अपुऱ्या वर्णनावर मिळालेली परवानगी कायद्याच्या कसोटीवर कच्ची असते आणि माणसांच्या कसोटीवर त्याहून कच्ची. लोक मोठे बांधकाम सहन करतात. आपल्याला खरे सांगितले गेले नाही ही गोष्ट ते सहन करत नाहीत. अर्ज दाखल झाल्यानंतर आराखड्यात ठळक बदल केलात तर सूचना पुन्हा निघावी अशी मागणी स्वतःहून करा. शेजाऱ्यांसाठी छप्पर उतरते करणे हा सहसा तसा ठळक बदल ठरत नाही, कारण त्याने कोणाचे अधिक बिघडत नाही. खोली पूर्वेला सरकवणे मात्र तसा बदल ठरू शकते, कारण आता पूर्वेकडच्या शेजाऱ्याला काही म्हणायचे असू शकते.

तुमच्या आईंना सर्वांत जास्त भीती वाटते ती दोन फायली एकमेकींत मिसळण्याची, आणि तिच्याकडे मी गंभीरपणे पाहतो. तत्त्व सोपे आहे. या परंपरेत बांधकामाची परवानगी जमिनीला मिळते आणि वास्तव्याची परवानगी माणसाला मिळते. तुम्ही उद्या बेट सोडून साताऱ्याला परतलात तरी त्या खोल्यांची परवानगी त्या भूखंडावर, तिच्या मुदतीपर्यंत, राहते. घर घेणारा तिच्या आधारे बांधू शकतो. म्हणून बांधकामाच्या अर्जात अर्जदार कोण, कुठला, किती काळ राहणार हे पाहायचेच नसते. उलट वास्तव्याच्या अर्जात तुमच्या छपराचा उतार पाहायचा नसतो. व्यवहारात मात्र जिथे नियोजन समितीतला सदस्य स्थलांतर अधिकाऱ्याचा मेहुणा असू शकतो आणि दोघे शनिवारी एकाच संघात खेळतात, तिथे हे अंतर कागदावरच्या शिस्तीने राखावे लागते. सदस्याने आपला हितसंबंध किंवा नाते बैठकीच्या सुरुवातीला जाहीर करायचे, गरज असल्यास बाहेर जायचे आणि तशी नोंद इतिवृत्तात करायची, ही त्यातली पहिली शिस्त. समित्यांच्या बैठका लोकांना पाहता याव्यात ही दुसरी. फॉकलंडमध्ये त्यासाठी २०१२ चा कायदा आहे. तुमच्या अर्जाच्या बैठकीला जाऊन बसा. तिथे तुमच्या वास्तव्याचा विषय कोणी काढलाच तर तो अप्रस्तुत आहे, एवढे शांतपणे इतिवृत्तात नोंदवून घ्यायला सांगा. तुमच्याकडूनही सरमिसळ होऊ देऊ नका. आम्ही इथे घर वाढवत आहोत यावरून आमची निष्ठा दिसते, असे वाक्य वास्तव्याच्या अर्जात लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. ते लिहिले की तुम्हीच दोन फायलींना दोरीने बांधता.

वास्तव्याच्या सूचनेवर कोणी निवेदन दिलेच, तर त्यातील आरोपाचा आशय कळावा आणि उत्तर देण्यास वाजवी वेळ मिळावा अशी लेखी मागणी करा. दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणाच्या विरुद्ध निर्णय करू नये, हे इंग्रजी न्यायपरंपरेतले मूलभूत तत्त्व आहे आणि बेट दूर असले म्हणून ते शिथिल होत नाही. निवेदन देणाऱ्याचे नाव तुम्हाला सांगावे की नाही हा अवघड प्रश्न आहे. नाव झाकले तरी एवढ्या लहान गावात मजकुरावरून माणूस ओळखू येतो. उघड केले तर खरे सांगू इच्छिणारा माणूस मागे हटतो. माझे मत असे की निर्णय ज्या वस्तुस्थितीवर टेकणार आहे ती अर्जदाराला पूर्णपणे कळलीच पाहिजे, मग नाव कळो वा न कळो. तुमच्या बाबतीत तयारी सोपी आहे: बेटावर आल्या-गेल्याच्या तारखा, नोकरीचे करार, कर भरल्याचे पुरावे आणि मधल्या दीर्घ रजांची कारणे एका कागदावर तारीखवार लिहून ठेवा. वास्तव्याच्या प्रकरणांत निवेदन आलेच तर ते बहुधा काळाच्या हिशेबाविषयी असते. पुढे फॉकलंड आयलंड्स स्टेटस, म्हणजे बेटाचे माणूस असल्याचा कायदेशीर दर्जा, मागण्याची वेळ येईल तेव्हाही हाच कागद उपयोगी पडेल. त्यासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते, मतदानाचा हक्क त्याच्याशी जोडलेला आहे, आणि त्या वेळीही तुमचे नाव असेच पुन्हा छापले जाईल.

या छापण्याची एक बाजू मला खटकते आणि ती लपवणे योग्य होणार नाही. छापील साप्ताहिक आठवड्याने रद्दीत जात असे. आता तीच सूचना संगणकावर वर्षानुवर्षे शोधता येते, आणि ‘अर्ज आला आहे’ एवढेच तिच्यात दिसते. तो मंजूर झाला हे तिच्याशेजारी दिसेलच असे नाही. आपल्याकडेही हा प्रश्न उठला आहे. विशेष विवाह कायद्याखालच्या नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर ठेवावी, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटले, कारण सक्तीची प्रसिद्धी जोडप्याच्या स्वातंत्र्यावर आणि खासगीपणावर घाला घालते. वास्तव्याच्या सूचनेत नावापलीकडे पत्ता, मुलांची नावे किंवा नोकरीचा तपशील छापू नये आणि निर्णयानंतर ठराविक काळाने ती संगणकीय पानावरून काढावी, असे मी प्रत्येक प्रशासनाला सुचवत आलो आहे. तुमच्या सूचनेत अनावश्यक तपशील असेल तर तो काढण्याची विनंती तुम्ही आजही करू शकता.

तुम्ही विचारले नाही तरी एक तुलना उपयोगाची वाटते. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर, जिथे जागतिक वारशाच्या निसर्गाशेजारी चारशेच्या आसपास माणसे राहतात, जमीन सरकारची आणि रहिवाशांकडे कायमचे भाडेपट्टे आहेत. त्यामुळे बांधकामाचा अर्ज करण्याआधी बेटाच्या मंडळाकडून मालक म्हणून संमती घ्यावी लागते आणि मग तेच मंडळ नियोजनाच्या नात्याने अर्ज जाहीर करते. भाडेपट्टा कोणी धारण करावा यातही बेटाचा रहिवासी असण्याला महत्त्व आहे. म्हणजे जमीन आणि माणूस हे दोन प्रश्न तिथे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एकच मंडळ दोन्ही टोप्या घालून बसते. सेंट हेलेनावर बांधकामाचे अर्ज जमीन विकास नियंत्रण प्राधिकरणापुढे जातात आणि कोणी काय म्हणणे मांडले ते अहवालात लिहिलेले असते. तुमच्याकडे दोन प्रश्न दोन दारांतून जातात, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

आता क्रमाने करायचे ते असे. मुदत संपण्याची वाट न पाहता या आठवड्यातच शेजाऱ्यांना घरी बोलवा किंवा त्यांच्याकडे जा, नकाशा आणि सावलीचा छेद टेबलावर ठेवा आणि आधी त्यांचे ऐका. पाठिंब्याच्या सह्या गोळा करू नका. त्यांच्या सांगण्यावरून बदल केलात तर सुधारित नकाशा कार्यालयात देऊन त्याची पोच घ्या आणि सूचना पुन्हा काढावी लागेल का हे लेखी विचारा. त्यांनी हरकत मागे घेतली नाही तरी त्यांचे पत्र वाचून मुद्द्याला मुद्दा असे एका पानाचे उत्तर द्या, आणि त्या उत्तरात त्यांच्याविषयी एकही विशेषण येऊ देऊ नका. तुम्हाला त्यांच्याशेजारीच राहायचे आहे. परवानगी मिळाल्यावर तिच्यातल्या अटी आणि काम सुरू करण्याची मुदत वाचून मगच लाकडाची मागणी नोंदवा. आईंना दोन्ही कात्रणे मराठीत अर्थ लिहून पाठवा, आणि त्यांच्यासोबत त्याच अंकातले इतर अर्जदारांचे कात्रणही पाठवा, म्हणजे तुमच्या नावापुढे जे शब्द आहेत तेच सगळ्यांच्या नावांपुढे आहेत हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.